आखडत्या दिवसांचे आनंद

पाऊस परततो तेव्हां त्याच्या जाण्याची बातमी सर्वांना समजते. छत्र्या वाळून माळ्यावर जातात, रस्त्यांतील चिखल सुकतो, आणि वर्तमानपत्रांतहि तसें छापून येतें. दिवस मात्र कोणालाहि न कळवितां लहान होतो. तो रोज एखादें मिनिट आवरून घेत असतो, आणि मिनिटाकडे लक्ष द्यावयास फुरसत कोणाला असते? मग आश्विन सरतां सरतां एखाद्या सायंकाळीं, खिडकीशीं बसून वाचणाऱ्या माणसास अक्षरें दिसेनाशीं होतात, तो घड्याळाकडे पाहतो आणि चकित होऊन म्हणतो, "अरे, सहा वाजतात न वाजतात तोंच अंधार!"

या आश्चर्याच्या पाठीमागें जें गणित आहे तें थोडक्यांत असें. २२ किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र जवळ जवळ समसमान असतात. तेथून सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस सरकूं लागतो व आपल्याकडील दिवस रात्रीहून लहान होऊं लागतो. पुण्याच्या अक्षांशावर जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस सुमारें अकरा तासांचा असतो. म्हणजे फरक काय तो सव्वादोन तासांचा. सप्टेंबरच्या विषुवदिनीं पुण्यास सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत तो सहाला तीन-चार मिनिटें कमी असतांनाच दिसेनासा होतो. मुंबईस हीच गोष्ट सुमारें चार मिनिटांनीं उशिरा घडते.

यांत एक मौज आहे. सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा. परंतु सर्वांत लौकर होणारी संध्याकाळ त्या दिवसाची नव्हे. ती जवळ जवळ महिनाभर आधींच येऊन गेलेली असते. घड्याळ वर्षभर एकाच चालीनें चालतें. सूर्याची मध्यान्ह मात्र घड्याळाच्या मानानें कांहीं मिनिटें मागेंपुढें होत राहते. पृथ्वीचा मार्ग किंचित् लंबवर्तुळ आहे आणि तिचा आंस कललेला आहे, त्याचा हा परिणाम. नोव्हेंबरच्या आरंभीं ही मध्यान्ह वर्षांत सर्वांत लौकर येते, व तिच्याबरोबर सूर्यास्तहि अलीकडे ओढला जातो. म्हणजे आपल्या घड्याळाच्या हिशेबानें अगदीं लौकर अंधारणाऱ्या संध्याकाळी कार्तिकाच्या उत्तरार्धांत किंवा त्याच्या आगेंमागें पडतात. आणि दिव्यांचा महिनाहि कार्तिकच. पूर्वजांजवळ असें घड्याळ नव्हतें. म्हणून हा मेळ त्यांनीं जाणूनबुजून बसविला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. तथापि अंधार वाढतो आहे हें त्यांना दिसत होतें, आणि त्याला उत्तर म्हणून त्यांनीं काय केलें हें पाहण्यासारखें आहे.

अर्ध्या तासाचा फरक ऐकावयास क्षुल्लक वाटेल. परंतु शहरांतील मनुष्याच्या दिवसांत तो नेमका कोठें पडतो हें पाहिलें पाहिजे. कचेरींत काम करणारा मनुष्य सहा वाजतां बाहेर पडतो. सप्टेंबरांत त्याला परततांना वाटेवर थोडें ऊन भेटतें. भाजी घेतांना मेथीच्या जुडीचा हिरवा रंग त्याला दिसतो. घर जवळ असलें तर गच्चीवर मुलांबरोबर चार क्षण उजेडांत काढतां येतात. नोव्हेंबरांत तो दाराबाहेर पाऊल टाकतो तेव्हां सूर्य मावळलेला असतो. चोवीस तासांतून अर्धा तास गेला असें गणित म्हणतें. परंतु त्या माणसाच्या मालकीचा असा जो उजेड होता, तेवढा सगळाच गेलेला असतो.

घरीं राहणाऱ्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावरील या वेळेला मराठींत 'कातरवेळ' म्हणतात. गुरें गोठ्याकडे वळतात, पांखरें झाडांत गलका करितात, आणि ज्याचें माणूस अजून बाहेर आहे त्याचा जीव उगाच दाराकडे धांवतो. हल्लींच्या सदनिकेंत गुरें नाहींत व गोठाहि नाहीं. पण मुलगा आणि सून दोघेंहि नोकरीस गेलेलीं, नातवंडें शिकवणीला, आणि घरांत एकटी आजी, हें चित्र घरोघर आहे. साडेपांच ते आठ हे तिचे अडीच तास. दूरदर्शनसंच लावला तर आवाज होतो, सोबत होत नाहीं. एकटीसाठीं वीज कशाला जाळावी म्हणून ती पुष्कळदां दिवाहि न लावतां बसून राहते. दिवस लहान झाला याची खरी किंमत अशा घरांत मोजावी लागते.

उजेडाचा आणि मनाचा संबंध ही कविकल्पना आहे असें आतां कोणी म्हणणार नाहीं. १९८४ सालीं अमेरिकेंतील नॉर्मन रोझेन्थाल व त्यांचे सहकारी यांनीं, दरवर्षीं हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या व वसंतांत ओसरणाऱ्या खिन्नतेचें वर्णन वैद्यकशास्त्रापुढें मांडलें. पुढें २००२ सालीं डोळ्याच्या आंतील पडद्यांत कांहीं निराळ्याच पेशी प्रकाशास आपण होऊन प्रतिसाद देतात असें दाखविण्यांत आलें. वस्तू दाखविण्यापेक्षां शरीराच्या आंतील घड्याळाला दिवसाची खबर पोंचविणें हें त्यांचें विशेष काम होय. हा ऋतुविकार मुख्यतः दूर उत्तरेकडील देशांत, जेथें हिवाळ्याचा दिवस फारच तोकडा असतो तेथें, चर्चिला जातो. तथापि कोठेंहि असो, ज्याची खिन्नता आठवडेच्या आठवडे हटत नाहीं, ज्याची झोंप उडाली आणि अन्नावरील वासना गेली, त्याला पणती लावण्याचा उपदेश करणें क्रूरपणाचें आहे. त्यानें डॉक्टरांकडेच जावयास हवें. येथें विचार करावयाचा आहे तो निरोगी माणसाच्या मनावर या दिवसांत जें मळभ येतें त्याचा.

त्या मळभावर एक उपाय घरांत कधींचाच आला आहे, तो म्हणजे विजेचा दिवा. त्यानें अंधाराची भीति गेली ही मोठीच सोय झाली, तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु बटण दाबतां क्षणीं सगळी खोली एकदम उजळते आणि मनुष्याला करण्यासारखें कांहीं उरत नाहीं. पणतीचें तसें नाहीं. ती पुसावी लागते, वात वळावी लागते, तेल घालावें लागतें, वारा आला तर हाताचा आडोसा धरावा लागतो. एवढें करून तिचा उजेड केवढा? तुळशीवृंदावनाचा कोनाडा दिसण्यापुरता. पण त्या दोन मिनिटांत मनुष्य दिवस संपल्याची नोंद आपल्या हातानें करतो. दिवस आपल्यावांचून संपून गेला, आणि आपण तो नीट मिटून ठेवला, या दोहोंत फार अंतर आहे. दिवेलागणीला मुलांनीं 'शुभं करोति' म्हणावें व वडील माणसांच्या पायां पडावें या रिवाजामुळें घरांतील मंडळी दिवसांतून निदान एकदां एका जागीं येत असत. ज्याचा देवावर विश्वास नाहीं त्यानेंहि असा दिवा लावावयास हरकत नाहीं. नास्तिकाच्या घरीं पणती कमी तेवते असें कोणी पाहिलेलें नाहीं.

आकाशकंदिलाचें उदाहरण घ्या. तो बाजारांत तयार मिळतो आणि सुबकहि असतो. परंतु बांबूच्या कामट्या तासून दोऱ्यानें सांगाडा बांधावयाचा, त्यावर पतंगाचा कागद खळीनें चिकटवावयाचा, खालीं झिरमिळ्या सोडावयाच्या, यांत दोन-तीन संध्याकाळी सहज निघून जातात. पहिल्या प्रयत्नांत सांगाडा वांकडा होतो, कागद फाटतो, खळ कोंपरापर्यंत लागते. शेजारचीं मुलें न बोलावतां येतात आणि बोलावल्यासारखीं राहतात. ज्या आजोबांना सारा दिवस कोणी कांहीं विचारलेलें नसतें त्यांना एकदम विचारलें जातें, "आजोबा, षट्कोन कसा साधायचा हो?" आजोबा चष्मा शोधूं लागतात. त्या क्षणीं ती संध्याकाळ त्यांना खायला उठत नाहीं. कंदील दारावर चढतो तेव्हां तो जरा तिरपाच असतो, तरी त्याच्या खालून जाणारा प्रत्येकजण मान वर करून पाहतो. आणि हें कौतुक त्याच्या वांट्याला येतें तें लौकर पडलेल्या अंधारामुळेंच. मे महिन्यांतील सात वाजतांच्या लख्ख उजेडांत टांगलेला कंदील कोणाच्या डोळ्यांत भरणार?

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. या ऋतूंतील पुष्कळ आनंद अंधार असूनहि मिळतात असें नाहीं; ते अंधारामुळेंच मिळतात. प्राजक्ताची कळी सायंकाळीं उमलते आणि पहांट होतां होतां फूल गळून पडतें. दिवसां बाराला त्या झाडाकडे पाहणाऱ्यास त्याची थोरवी कळावयाची नाहीं. ज्याला तीं फुलें हवीं त्यानें उजाडण्याच्या सुमारास झाडाखालीं जावें, ओल्या मातीवर पांढऱ्या पाकळ्या आणि केशरी देंठ यांचा सडा पाहावा, आणि ओंजळभर वेंचून आणावीं. झाड शेजाऱ्याचें असलें तरी चिंता नाहीं. सत्यभामेच्या दारच्या प्राजक्ताचीं फुलें रुक्मिणीच्या अंगणांत पडत, ती कथा अजून वाड्यावाड्यांतून घडतेच आहे.

आकाशाचेंहि तसेंच. उन्हाळ्यांत पुरता अंधार पडेपर्यंत आठ वाजून जातात, आणि तोंपर्यंत लहान मुलांच्या डोळ्यांवर झोंप येते. नोव्हेंबरच्या मध्यास सात-साडेसातला, जेवणापूर्वींच, आकाश पाहण्याजोगें झालेलें असतें. पूर्वेस थोडा वर जो तारकांचा बारीक पुंजका दिसतो त्या कृत्तिका. कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र त्यांच्या आसपास असतो म्हणून या महिन्याचें नांव कार्तिक. साध्या डोळ्यांनीं बहुतेकांना त्यांत सहा तारका मोजतां येतात. एखाद्या तीक्ष्ण दृष्टीच्या मुलाला सात दिसतात आणि तो आठवडाभर त्याची बढाई मारतो. कृत्तिकांच्या मागोमाग तांबूस रोहिणी उगवते, आणि नऊच्या सुमारास मृग क्षितिजाच्या वर येतो. शहराच्या झगमगाटांत कृत्तिका अंधुक होतात हें खरें. परंतु गच्चीच्या काळोख्या कोपऱ्यांत पांच मिनिटें उभें राहिलें, डोळे अंधाराला सरावले, म्हणजे त्या पुष्कळदां सांपडतात. यास पैसा पडत नाहीं. फक्त कोणी तरी मुलाचा हात धरून त्याला वर न्यावें लागतें.

स्वयंपाकघरांतहि हा ऋतु आपल्या पावलांनीं येतो. बाजारांत सीताफळें आलेलीं असतात. भुईमुगाच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडल्या कीं त्यांच्या वासानें सगळें घर एका ताटाभोंवतीं गोळा होतें. सोलतांना हात गुंतलेले असतात आणि तोंडें मोकळीं, म्हणून त्या ताटाभोंवतीं जेवढ्या गोष्टी निघतात तेवढ्या दिवाणखान्यांत निघत नाहींत. आवळे येतात, आणि कार्तिकांत आवळीच्या झाडाखालीं बसून जेवण्याची जुनी चाल ज्यांना साधते ते अजूनहि ती पाळतात. तुळशीच्या लग्नाला ऊंस, चिंचा, बोरें, आवळे असा रानमेवा लागतो, आणि त्या निमित्तानें शहरांतील मुलाला चिंच झाडावर येते हें कळतें. मग एखाद्या रात्रीं पहिला गारवा सुटतो. ट्रंकेच्या तळाशीं ठेवलेली गोधडी वर येते. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास असतो, आणि तिच्या ठिगळांत आजीचें जुनें लुगडें, आत्याचें परकर-पोलकें ओळखूं येतें. ती गोधडी पांघरतांना होणारा आनंद वर्षांतून एकाच रात्रीचा. दुसऱ्या रात्रीपासून ती नुसती पांघरूण होते.

सकाळच्या बाजूचीहि अशीच तजवीज आहे. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत अनेक देवळांत पहांटेच्या काळोखांत काकडआरती चालते. थंडीच्या पहांटे एकट्यानें अंथरूण सोडणें किती जड जातें हें सर्वांना माहीत आहे. परंतु चार घरांपलीकडे टाळ वाजूं लागले आणि जिन्यावरून कोणाचीं तरी पावलें उतरतांना ऐकूं आलीं, म्हणजे उठणें सोपें होतें. पुढें त्रिपुरी पौर्णिमेला देवळांच्या दगडी दीपमाळा उजळतात. दीपमाळेची रचना पाहण्यासारखी असते. तिच्यावर एकच मोठा दिवा नसतो. एका खांबाला अनेक हात आणि प्रत्येक हातावर एक लहान पणती. जेजुरीच्या चढणीवर अशा पुष्कळ दीपमाळा आहेत. जवळून पाहिलें तर पणती पणतीपुरतीच. उजळलेली माळ दुरून पाहिली तर साऱ्या टेंकडीला वाट दाखविणारी.

आपल्या सव्वादोन तासांच्या फरकाचें दुःख करणाऱ्यानें एकदां उत्तरेकडेहि दृष्टि टाकावी. लंडनमध्यें जूनमधील दिवस साडेसोळा तासांहून मोठा, तर डिसेंबरमधील आठ तासांहूनहि लहान. तेथें महाराष्ट्र मंडळ स्थापन झालें तें १९३२ सालीं. म्हणजे त्या अंधाराशीं मराठी माणसांचा परिचय कांहीं कालचा नाहीं. दिवाळी नोव्हेंबरांत आली म्हणजे तेथें साडेचारच्या सुमारासच दिवेलागण करावी लागते.

याहूनहि उत्तरेस, नॉर्वेमध्यें, रयूकान नांवाचें एक लहान गांव आहे. एका अरुंद, खोल दरींत धबधब्याच्या जोरावर वीज काढून कारखाने चालविण्यासाठीं तें विसाव्या शतकाच्या आरंभीं वसविण्यांत आलें. डोंगर इतके उंच कीं, सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत सूर्य गांवांत येतच नाहीं. वर कड्यावर ऊन दिसतें आणि खालीं सावली. डोंगरावर आरसे बसवून ऊन खालीं आणावें ही कल्पना तेथें १९१३ सालींच निघाली होती. परंतु तेव्हां ती साधली नाहीं. त्याऐवजीं १९२८ सालीं कारखानदारांनीं लोकांना वर उन्हांत नेण्यासाठीं तारेवरून चालणारा पाळणा बांधला. अखेर ऑक्टोबर २०१३ मध्यें सुमारें साडेचारशें मीटर उंचीवर तीन मोठे आरसे बसले. ते सूर्याबरोबर वळतात आणि त्याचे किरण गांवच्या चौकांत पाडतात. तिन्ही मिळून आरशांचें क्षेत्र अवघें ५१ चौरस मीटर, आणि उजळतो तो चौकाचा सुमारें ६०० चौरस मीटरांचा तुकडा. बाकी सारें गांव सावलींतच राहतें.

या आरशांची गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्या लोकांनीं सगळी दरी उजळण्याचा हट्ट धरला नाहीं. एवढासा उजेड आणला, पण तो कोणाच्या खाजगी अंगणांत पाडला नाहीं. जेथें सर्वांना येतां येईल अशा चौकांत पाडला. आतां ज्याला ऊन हवें त्याला घराबाहेर पडावें लागतें, आणि चौकांत गेल्यावर त्याला उन्हाबरोबर शेजारीहि भेटतो. आपली दीपमाळ काय, आकाशकंदील काय, उकडलेल्या शेंगांचें ताट काय, त्यांच्या मुळाशीं हेंच शहाणपण आहे. आखडत्या दिवसांतील आनंद वसंतांतल्या आंब्याच्या मोहराप्रमाणें आपोआप घडत नाहीं. तो हातानें करावा लागतो. तो लहान असावा, म्हणजे थकलेल्या माणसालाहि झेंपतो. त्याची वेळ ठरलेली असावी, म्हणजे मनाची इच्छा होईपर्यंत थांबावें लागत नाहीं. आणि त्यांत दुसऱ्या कोणाचा तरी वांटा असावा, म्हणजे आपला उत्साह आटला त्या दिवशीं त्याचा उपयोगी पडतो.

यावर कोणी विचारील, पणत्यांनीं आणि शेंगांनीं खरें दुःख हलकें होतें काय? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें प्रामाणिक उत्तर 'नाहीं' असेंच आहे. ज्या घरांतून वर्षाच्या आंत कोणी गेलेलें असतें त्या घराला पहिली दिवाळी किती जड जाते हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना ही गोष्ट सांगावयास नको. सगळ्या आळींत कंदील लागतात आणि एका दारावर लागत नाहीं. अशा घरीं त्या वर्षीं फराळाचे जिन्नस करीत नाहींत. परंतु आपल्याकडील चाल येथें थांबत नाहीं. त्या घरीं आप्तइष्ट आणि शेजारी आपल्या घरचा फराळ नेऊन देतात. संध्याकाळीं दार हळूच वाजतें. डबा हातीं दिला जातो. "मुलांसाठीं आणलं आहे, वहिनी," एवढेंच बोलणें होतें, आणि देणारी फार वेळ बसतहि नाहीं. त्या डब्यांत चार करंज्या आणि मूठभर चिवडा याहून अधिक कांहीं नसतें. तो डबा दुःख नाहींसें करीत नाहीं. पण जिला या वर्षीं स्वतःच्या हातानें आनंद करणें शक्य नाहीं, तिच्या वांट्याचा तो दुसऱ्या कोणी केला आणि आणून दिला, एवढें तिला कळतें. पुढील वर्षीं कढई पुन्हां चुलीवर चढविण्याचें बळ कोठून येतें हें विचारावयाचें झालें, तर त्या डब्यालाच विचारावें लागेल. रिकामा डबा परत देतांना त्यांत चिमूटभर साखर तरी घालून देण्याची जी रीत आहे, तिचा अर्थ अशा वेळीं पुरता उमगतो.

म्हणून दिवस लहान होऊं लागले कीं, प्रत्येक कुटुंबानें आपल्यापुरती एक लहान गोष्ट ठरवावी हें बरें. नोकरीवरून परतणाऱ्यानें घरीं येणाऱ्या रस्त्यांतील एक वळण पायीं चालावें आणि त्या वळणावर रोज आकाशाकडे पाहावें. दुपारच्या सुट्टींत पांच मिनिटें उन्हांत उभें राहावें. तो उजेड संध्याकाळीं मिळणार नसतो. घरांत एकटी राहणारी आजी असेल तर, "आम्ही येईपर्यंत दिवा लावून ठेवा," असें सुनेनें तिला सांगावें. स्वतःपुरता दिवा न लावणारी बाई दुसऱ्यासाठीं तो आनंदानें लावते, आणि मग त्या अडीच तासांतील निदान एक क्षण कोणाची तरी वाट उजळण्यांत जातो. मजल्यावरील एखाद्या मुलाला रोज साडेसहाला तिच्यापाशीं पाढे म्हणावयास पाठवावें. पाढे मुलाला येतात किंवा न येतात. पण साडेसहा वाजण्याची कोणी तरी वाट पाहूं लागतें, आणि ज्या वेळेची वाट पाहिली जाते ती कातर राहत नाहीं.

शेवटीं पुन्हां गणिताकडे वळावें, कारण त्यांतहि थोडा दिलासा आहे. नोव्हेंबर सरला कीं, दिवस अजून लहानच होत असतो, थंडी वाढत असते, आणि अंधार अधिकच दाटतो आहे असें सर्वांना वाटत असतें. परंतु संध्याकाळ त्यापूर्वींच मागें सरकूं लागलेली असते. डिसेंबरच्या २१-२२ तारखेस, म्हणजे अगदीं लहान दिवशीं, पुण्याचा सूर्यास्त सहा वाजून दोन-तीन मिनिटांवर गेलेला असतो. नोव्हेंबरच्या मानानें संध्याकाळ सहा-सात मिनिटांनीं वाढलेली असते. हीं मिनिटें कोणाच्याहि ध्यानांत येत नाहींत. ज्या घरीं रोज ठरल्या वेळीं दिवा लागतो, त्या घरच्या एखाद्या चाणाक्ष मुलाच्या मात्र तीं नजरेस येतील. तो दाराशीं उभा राहून म्हणेल, "आजी, अजून उजेड आहे. दिवा जरा थांबून लावूं या." त्या दिवशीं आजीनें त्याचें ऐकावें, आणि दोघांनीं मिळून तो उरलेला उजेड पाहत उभें राहावें.